तूट कोणाची, पुरावा कोणाचा?

बँकेच्या कोणत्याही शाखेत दिवसाचा शेवट रोखीचा मेळ बसण्यावर अवलंबून असतो. काउंटरवरील गर्दी ओसरते, दरवाजा अर्धा ओढून घेतला जातो, रोखपाल नोटांची मूल्यवर्गानुसार मोजदाद करतो आणि ती बेरीज संगणकावर दिसणाऱ्या शिल्लक रकमेशी पडताळून पाहतो. दोन्ही आकडे जुळले की शाखेचा जीव भांड्यात पडतो. न जुळल्यास शोध सुरू होतो. व्हाउचरे पुन्हा चाळली जातात. शंभराच्या गड्डीत पाचशेची नोट गेली काय, जमेची नोंद दोनदा झाली काय, एखाद्या ग्राहकास जादा रक्कम दिली गेली काय, हे पाहिले जाते. बहुधा चूक सापडते. क्वचित सापडत नाही आणि मग रोखपाल ती रक्कम पदरची भरून घरी जातो.

ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असून तिच्यामागे दोन गृहीतके आहेत. रोख ज्याच्या ताब्यात, जबाबदारी त्याची, हे पहिले. पुस्तकातील शिल्लक बरोबर आहे, हे दुसरे. पहिले गृहीतक न्याय्य आहे. त्यावाचून बँक एक दिवसही चालणार नाही. दुसरे मात्र तपासून पाहण्याजोगे आहे. खातेवही हाताने लिहिली जात असे, त्या काळी शिल्लक कशी आली हे पानावर बोट ठेवून कोणालाही पाहता येई. बेरजेविषयी शंका आली तर दुसरा माणूस ती पुन्हा करी. आता शिल्लक पडद्यावर तयार होऊन येते. ती जेथे तयार होते ते ठिकाण शाखेपासून शेकडो कोस दूर असते आणि तेथील कामकाज शाखेतील कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. तो आकडाच चुकीचा असेल, तर ते कोणी, कोणापुढे आणि कसे सिद्ध करावयाचे?

या प्रश्नाकडे दुर्लक्ष केल्याची फार मोठी किंमत ब्रिटनने मोजली. तेथील पोस्ट ऑफिसचे ‘होरायझन’ प्रकरण प्रत्येक बँक कर्मचाऱ्याने आणि प्रत्येक सुजाण ग्राहकाने समजून घ्यावे असे आहे.

गावोगावची पोस्टे आणि नवी प्रणाली

ब्रिटनमधील बहुतेक पोस्ट कार्यालये पगारी नोकर चालवीत नाहीत. गावातील किराणा किंवा स्टेशनरीच्या दुकानातच पोस्टाचा काउंटर असतो आणि दुकानदार ‘सबपोस्टमास्टर’ या नात्याने, कराराने ठरलेल्या मोबदल्यावर तो सांभाळतो. तिकिटे विकणे, निवृत्तिवेतन देणे, बिले स्वीकारणे, बँकांसाठी रोख देणे-घेणे ही त्याची कामे. अनेकांनी आयुष्याची पुंजी घालून वा घर गहाण ठेवून ही दुकाने घेतली होती. गावात पोस्टमास्तरला मान होता, आणि त्याची पत हेच त्याचे भांडवल होते.

निवृत्तिवेतन व सरकारी भत्ते स्वाइप कार्डाद्वारे देण्याची एक योजना तेथे १९९६ मध्ये हाती घेण्यात आली. तिचे कंत्राट आयसीएल या कंपनीच्या उपकंपनीस मिळाले. आयसीएल पुढे पूर्णपणे जपानच्या फुजित्सूच्या मालकीची झाली. १९९९ मध्ये संबंधित सरकारी खात्याने योजनेतून अंग काढून घेतले. तोवर बराच पैसा खर्च झाला होता. तेव्हा तीच प्रणाली पोस्टाच्या शाखांचे हिशेब ठेवण्यासाठी वापरावयाची असे ठरले. हीच होरायझन. सुमारे अठरा हजार शाखांतील कागदी हिशेबाची जागा तिने घेतली.

प्रणाली आली आणि थोड्याच दिवसांत ठिकठिकाणच्या शाखांत तूट दिसू लागली. करारात असे कलम होते की, सबपोस्टमास्टरच्या निष्काळजीपणामुळे, हयगयीमुळे वा चुकीमुळे आलेली तूट त्याने भरून द्यावी. पोस्ट ऑफिसने व्यवहारात त्याचा अर्थ असा लावला, की प्रणालीने दाखविलेली प्रत्येक तूट त्याने भरावी. तूट त्याच्या चुकीने आली हे दाखविण्याची जबाबदारी संस्थेने घेतली नाही. ती आपल्या चुकीने आली नाही हे दाखविण्याचे ओझे दुकानदारावर पडले, आणि ते दाखविण्यासाठी लागणाऱ्या नोंदी मात्र संस्थेच्या व फुजित्सूच्या ताब्यात राहिल्या. साऱ्या प्रकरणाचा गाभा या एका विसंगतीत आहे.

चार माणसांची कहाणी

वेल्समधील लॅन्डडनो येथे ॲलन बेट्स यांनी १९९८ मध्ये पोस्टाचे दुकान घेतले. होरायझन बसताच तूट दिसू लागली. ज्या रकमेचा उगम पडताळून पाहता येत नाही ती भरण्यास त्यांनी नकार दिला आणि तसे ते लेखी कळवीत राहिले. २००३ मध्ये त्यांचा करार संपुष्टात आणण्यात आला आणि त्यात घातलेली पुंजी बुडाली.

ब्रिडलिंग्टनचे ली कॅसलटन यांच्या शाखेत २००४ मध्ये काही आठवड्यांत सुमारे २५,००० पौंडांची तूट दिसली. मदत केंद्रास त्यांनी ९१ वेळा दूरध्वनी केला. पोस्टाने वसुलीचा दावा लावला. वकील परवडत नसल्याने कॅसलटन स्वतःच न्यायालयात उभे राहिले आणि २००७ च्या आरंभी हरले. पोस्टाचा खर्च म्हणून ३,२१,००० पौंड त्यांच्यावर बसले. तूट पंचवीस हजारांची आणि खर्च तिच्या बारापटींहून अधिक! ते दिवाळखोर झाले.

हॅम्पशायरमधील साउथ वॉर्नबरो या खेड्यात जो हॅमिल्टन यांचे दुकान होते. एकदा सुमारे दोन हजारांची तूट आली म्हणून त्यांनी मदत केंद्राच्या सूचनेबरहुकूम कळा दाबल्या, तो तूट डोळ्यांदेखत दुप्पट झाली. पुढे ती ३६,००० पौंडांवर गेली. चोरीचा आरोप मागे घेतला जावा म्हणून त्यांनी खोटा हिशेब लिहिल्याचा गुन्हा कबूल केला. घर पुन्हा गहाण पडले, आणि गावकऱ्यांनी वर्गणी काढून त्यांना हात दिला. शेजाऱ्यांचा त्यांच्यावर जो विश्वास होता, तो संस्थेला ठेवता आला नाही.

चौथी कहाणी भारतात जन्मलेल्या सीमा मिश्रा यांची. सरे परगण्यातील वेस्ट बायफ्लीट येथे २००५ मध्ये त्यांनी पतीसह पोस्टाचे दुकान घेतले. सुमारे ७४,००० पौंडांच्या चोरीबद्दल नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांना पंधरा महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली. तो दिवस त्यांच्या थोरल्या मुलाच्या दहाव्या वाढदिवसाचा होता आणि त्या दुसऱ्यांदा गर्भवती होत्या. याच २०१० मध्ये, खटल्याच्या सुमारास, प्रणालीत जमा आणि खर्चाच्या आकड्यांत विसंगती आणणारा एक दोष संबंधितांना आढळला होता. चालू खटल्यांवर त्याचा काय परिणाम होईल याची कागदोपत्री चर्चाही झाली होती. बचाव पक्षास तो कळविण्यात आला नाही.

१९९९ ते २०१५ या काळात अशा ९०० हून अधिक जणांना दोषी ठरविण्यात आले. त्यांपैकी सुमारे सातशे खटले पोस्ट ऑफिसने स्वतः चालविले होते. तेथील कायद्यानुसार खाजगी फिर्याद लावता येते. त्यामुळे ज्याचे पैसे गेले तोच फिर्यादी, तोच तपास करणारा आणि तोच खटला चालविणारा, अशी स्थिती झाली. तक्रार करणाऱ्या अनेकांना मदत केंद्राकडून एकच उत्तर मिळे: अशी अडचण दुसऱ्या कोणासही आलेली नाही.

दोष कोठे होता?

संगणकाचा दोष म्हणजे काहीतरी गूढ असते असे नव्हे. तो किती साधा असू शकतो याचे उदाहरण म्हणून स्कॉटलंडमधील डॅलमेलिंग्टन शाखेतील २०१५ चा प्रकार पाहावा. मुख्य शाखेतून फिरत्या शाखेस ८,००० पौंडांची रोख पाठविली गेली. तेथे ती जमेस घेताना पडदा अडकला, पुढे सरकेना. कळ पुन्हा दाबली गेली. प्रत्येक वेळी तीच थैली नव्याने आल्याची नोंद झाली. चार नोंदींचे ३२,००० पौंड. हातात प्रत्यक्ष ८,०००. चोवीस हजारांची तूट अशी निर्माण झाली, एक पेनीही कोठे न जाता. हाच दोष २०१० पासून इतर शाखांतही प्रकटल्याचे पुढे आढळले. फॉल्कर्क येथील कॅलेंडर स्क्वेअर शाखेच्या नावाने ओळखला जाणारा दुसरा दोष याच जातीचा. शाखेतील एका काउंटरची नोंद दुसऱ्या काउंटरवर दिसत नसे, म्हणून ती पुन्हा केली जाई आणि हिशेब बिघडे. हा दोष प्रणालीच्या आरंभीपासून होता व २००६ मध्ये दुरुस्त झाला.

याहून गंभीर बाब म्हणजे शाखेच्या नोंदींत दुरून बदल करण्याची क्षमता. शाखेचा हिशेब सबपोस्टमास्टरवाचून कोणास बदलता येत नाही, असे पोस्ट ऑफिस वर्षानुवर्षे सांगत राहिले. फुजित्सूच्या कर्मचाऱ्यांना शाखेच्या नकळत नोंदी घालता येत होत्या, हे न्यायालयात उघड झाले. आपल्या शाखांतील ‘मेकर-चेकर’ पद्धतीचे महत्त्व ज्याला ठाऊक आहे त्याला याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. नोंद कोणी केली हे ज्या वहीत उमगत नाही, त्या वहीच्या आधारे माणसावर चोरीचा आळ कसा घालता येईल?

उचंत खाते नाहीसे झाले

लेखाशास्त्राच्या पहिल्या वर्षी विद्यार्थ्यास शिकविले जाते, की तेरीज जुळली नाही तर फरकाची रक्कम तात्पुरती उचंत खात्यात, म्हणजे शाखांच्या बोलीत ‘सस्पेन्स’ला, टाकावी आणि चूक शोधावी. हे खाते म्हणजे पळवाट नव्हे. ‘आकडे जुळत नाहीत आणि कारण अद्याप कळलेले नाही’ ही प्रामाणिक कबुली हिशेबाच्या भाषेत मांडण्याची ती जागा आहे.

होरायझनमध्येही आरंभी अशी सोय होती. २००५ मध्ये साप्ताहिक हिशेबाऐवजी मासिक विवरणपत्राची पद्धत आली आणि ही सोय काढून टाकण्यात आली. मुदतीअखेर तूट दिसली तर दोनच मार्ग उरले: ती खिशातून भरणे, किंवा ‘केंद्रीय पातळीवर निपटारा’ हा पर्याय निवडून ती आपल्या नावे येणे म्हणून स्वीकारणे. ‘हा आकडा मान्य नाही’ असे म्हणण्यासाठी पडद्यावर कळ नव्हती. त्यासाठी मदत केंद्रास दूरध्वनी करावा लागे आणि त्या दूरध्वनीचा पुढे काय उपयोग होई हे वर आलेच आहे.

या रचनेत माणूस कसा कोंडला जातो ते पाहावे. तूट भरली तर ती मान्य केल्यासारखे होई. न भरता मेळ जुळल्याची सही केली तर खोटा हिशेब लिहिल्याचा गुन्हा घडे. सही केलीच नाही तर पुढील कालावधीचा हिशेब सुरू होत नसे आणि काउंटर बंद ठेवावा लागे. अनेकांनी दुकान चालू राहावे म्हणून दुसरा मार्ग धरला, पुढच्या महिन्यात चूक सापडेल या आशेने. त्या सह्याच पुढे त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभ्या राहिल्या. ज्या प्रणालीत असहमती नोंदविण्यास जागा नसते, ती प्रणाली प्रामाणिक माणसासही खोटी सही करण्यास भाग पाडते. सर्व प्रकरणातून घ्यावयाचा एकच धडा निवडावयाचा झाल्यास तो हाच होय.

न्याय मिळाला, पण केव्हा?

ॲलन बेट्स यांनी २००९ मध्ये समदुःखी सबपोस्टमास्टरांची संघटना उभी केली. त्याच वर्षी ‘कम्प्युटर वीकली’ या नियतकालिकाने सात जणांच्या कहाण्या प्रसिद्ध केल्या. २०१२ मध्ये ‘सेकंड साइट’ या लेखातज्ज्ञांच्या संस्थेस चौकशीसाठी नेमण्यात आले. तिचे निष्कर्ष अडचणीचे वाटू लागल्यावर २०१५ मध्ये तिचे काम थांबविण्यात आले. जुलै २०१३ मध्ये पोस्टाच्याच बाजूच्या एका बॅरिस्टरने लेखी सल्ला दिला होता, की फुजित्सूच्या ज्या अभियंत्याच्या साक्षीवर खटले उभे आहेत त्याच्यावर विसंबता येणार नाही. तो सल्ला शिक्षा झालेल्यांना २०२० पर्यंत कळला नाही.

अखेर ५५५ जणांनी एकत्र दावा लावला. २०१९ मध्ये न्या. फ्रेझर यांनी दोन निकाल दिले. तुटीची जबाबदारी सरसकट सबपोस्टमास्टरवर टाकण्याची पोस्टाची भूमिका त्यांनी फेटाळली, आणि होरायझनची जुनी आवृत्ती भरवशाची नव्हती असे स्पष्ट नमूद केले. तडजोडीत ५.७७५ कोटी पौंड मिळाले. खर्च वजा जाता दावेदारांच्या हाती सुमारे १.२ कोटीच उरले. २३ एप्रिल २०२१ रोजी अपील न्यायालयाने ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या. त्यांत जो हॅमिल्टन व सीमा मिश्रा होत्या. जानेवारी २०२४ मध्ये दूरचित्रवाणीवर या प्रकरणावरील मालिका दाखविली गेली आणि लोकक्षोभ उसळला. मे २०२४ मध्ये संसदेने कायदा करून उरलेल्यांच्या शिक्षा सरसकट रद्द केल्या. एवढ्या मोठ्या प्रमाणावर न्यायालयांचे निकाल कायद्याने पुसावे लागणे ही तेथील न्यायव्यवस्थेसाठी असाधारण घटना होती.

८ जुलै २०२५ रोजी प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालाच्या पहिल्या खंडात सर विन विल्यम्स यांनी नमूद केले, की या प्रकरणामुळे किमान १३ जणांनी जीवन संपविले असण्याची शक्यता आहे. भरपाईची रक्कम तोवर एक अब्ज पौंडांच्या पुढे गेली होती. संस्थेने हजारांच्या तुटी वसूल केल्या आणि करदात्यांना अब्जांचा भुर्दंड पडला. जमाखर्चाच्या निव्वळ व्यावहारिक दृष्टीने पाहिले तरी हा सौदा आतबट्ट्याचा ठरला.

दुसरी बाजू

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. रोख हाताळणारा प्रत्येक माणूस निर्दोष नसतो. बँकांत अपहार होतात. ग्राहकाने भरलेली रक्कम नोंद न करता खिशात घालणारेही असतात. उद्या प्रत्येक रोखपालाने तुटीचे खापर संगणकावर फोडावयाचे ठरविले, तर शिस्त कशी राहणार? शिवाय संगणकीकरणाने फसवणूक पकडणे सोपे झाले आहे, ग्राहकाच्या भ्रमणध्वनीवर तत्काळ येणारा संदेश हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

हे सारे मान्य करूनही मूळ मुद्दा ढळत नाही. प्रणालीच्या नोंदी नीट राखल्या व तपासासाठी खुल्या केल्या, तर अपहार करणारा अधिक खात्रीने सापडेल. कोणत्या वेळी, कोणत्या संगणकावरून, कोणाच्या ओळखीने नोंद झाली हे दाखविता आले की दोषी माणसास पळवाट उरत नाही. जेथे ते दाखविता येत नाही तेथे वसुली करणे म्हणजे शिस्त नव्हे, अंदाजाने केलेली शिक्षा होय. एटीएमचे उदाहरण घ्यावे. पैसे बाहेर आले नाहीत आणि खात्यातून वजा झाले, अशी तक्रार आली की ग्राहकास खोटे ठरविले जात नाही. यंत्राची जर्नल नोंद आणि आतील रोख यांचा मेळ घेतला जातो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये अशा फसलेल्या व्यवहाराची रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत परत करण्याचे आणि त्यापुढील विलंबासाठी दररोज १०० रुपये भरपाई देण्याचे बंधन घातले. यंत्र चुकू शकते हे मान्य केल्याने बँकांची शिस्त कोसळली काय? उलट ग्राहकाचा विश्वास वाढला.

कायद्याची दोन वळणे

ब्रिटनमध्ये १९८४ च्या एका कायद्याने अशी अट घातली होती, की संगणकाचा कागद फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून देताना संगणक योग्य रीतीने चालत होता हे दाखवावे. ही अट जाचक मानली गेली आणि एप्रिल २००० पासून ती रद्द झाली. त्यानंतर संगणक बरोबर चालत होता असेच गृहीत धरले जाऊ लागले. होरायझन देशभर बसत होती ती नेमकी याच काळात.

योगायोग असा, की त्याच वर्षी भारताने उलट दिशा धरली. ऑक्टोबर २००० मध्ये माहिती तंत्रज्ञान कायदा अमलात आला. त्याने पुरावा कायद्यात कलम ६५-ब घातले आणि १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्यातही दुरुस्ती केली. तदनुसार बँकेने खात्याचा संगणकीय उतारा न्यायालयात देताना शाखाधिकाऱ्याचे प्रमाणपत्र तर लागतेच. शिवाय संगणक प्रणालीची जबाबदारी असलेल्या व्यक्तीने अनधिकृत बदल रोखण्याची काय व्यवस्था आहे ते सांगावे लागते, आणि त्या काळात प्रणाली योग्य रीतीने चालत होती असे प्रमाणित करावे लागते. जालना विधानसभा निवडणुकीच्या वादातून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये कलम ६५-बच्या प्रमाणपत्राची आवश्यकता पुन्हा अधोरेखित केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने तर या प्रमाणपत्रात तज्ज्ञाचा स्वतंत्र भाग घातला आहे.

ग्राहकाच्या बाबतीतही दिशा हीच आहे. अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारात ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याचा भार बँकेवर राहील, असे रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने स्पष्ट केले. ज्याच्या हाती नोंदी, त्याच्या शिरावर पुराव्याचा भार, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

मात्र एवढ्यावर समाधान मानता येणार नाही. न्यायालयात जाण्याइतकी प्रकरणे थोडी. शाखेतील बहुतेक तुटी चार भिंतींतच मिटतात. खात्यांतर्गत चौकशीस पुरावा कायदा काटेकोरपणे लागू होत नाही, आणि प्रमाणपत्र देणाऱ्याने ठरावीक मजकुरावर सही ठोकली तर कायद्याचा हेतूच विफल होतो. शिवाय २०१७ चे संरक्षण ग्राहकास आहे. गावोगावच्या ‘बँक मित्रां’चे काय? रिझर्व्ह बँकेने जानेवारी २००६ मध्ये व्यवसाय प्रतिनिधींची वाट मोकळी केली आणि दुर्गम खेड्यांपर्यंत बँक पोहोचली. हा बँक मित्र दुकानात बसतो, कमिशनवर काम करतो आणि स्वतःच्या रकमेवर व्यवहार चालवितो. ग्राहकाचे बोट यंत्रावर टेकते, तेवढ्यात नेटवर्क तुटते, ग्राहकास पैसे दिलेले असतात आणि व्यवहार फसल्याची नोंद येते. त्या रकमेचा मेळ कोण, किती दिवसांत आणि कोणत्या नोंदी पाहून लावणार? ब्रिटनच्या सबपोस्टमास्टरचा भारतातील सर्वांत जवळचा नातलग हा बँक मित्र आहे, हे विसरता कामा नये.

काय व्हावे?

उपाय खर्चिक नाहीत. त्यांसाठी इच्छाशक्ती हवी. पहिला उपाय असा, की रोखीच्या प्रत्येक हिशेब प्रणालीत ‘आकडा अमान्य, चौकशी प्रलंबित’ अशी नोंद करण्याची सोय असावी आणि ती केल्याने काम अडू नये. दुसरा, ज्याच्याकडून वसुली करावयाची त्यास त्या दिवसाच्या सर्व नोंदी, वेळ व ओळखचिन्हासह, मागितल्याबरोबर मिळाव्यात. तिसरा, ठरावीक मर्यादेपुढील तुटीत वसुलीचा हुकूम निघण्यापूर्वी ज्याचा त्या प्रणालीत हितसंबंध नाही अशा तपासनिसाने ती पाहावी. चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा, वेगवेगळ्या शाखांतून येणाऱ्या सारख्या तक्रारी एके ठिकाणी मांडून पाहिल्या जाव्यात. ब्रिटनमधील सबपोस्टमास्टरांना ‘तुम्ही एकटेच’ असे सांगितले गेले. त्यांच्या तक्रारी एका तक्त्यात मांडल्या असत्या तर तो तक्ताच बोलला असता.

कर्मचाऱ्यांनीही काही पथ्ये पाळावीत. आपला पासवर्ड सहकाऱ्यास देणे ही शाखांतील सर्वांत सर्रास आणि सर्वांत घातक सवय आहे. ज्या नोंदीने उद्या आपले रक्षण व्हावयाचे तीच या सवयीने निरुपयोगी होते. पडदा अडकला तर पुन्हा कळ दाबण्यापूर्वी व्यवहाराची स्थिती पाहावी. दूरध्वनीवर केलेली तक्रार त्याच दिवशी ई-मेलने नोंदवावी व तिचा क्रमांक जपावा. जो मेळ बसलेला नाही तो बसला म्हणून सही करू नये, मग वरिष्ठांचा आग्रह कितीही असो. ग्राहकांनीही पासबुकातील वा संदेशातील नोंद पटली नाही तर तोंडी बोलण्यावर न थांबता लेखी तक्रार करावी आणि पोच घ्यावी. तक्रार करणारा ग्राहक हा शाखेचा शत्रू नव्हे. प्रणालीत शिरलेली चूक पुष्कळदा त्यालाच प्रथम दिसते.

संगणकीकरणाने भारतीय बँकिंगचे रूप पालटले. कोअर बँकिंगमुळे कोल्हापूरचा खातेदार कोलकात्यात पैसे काढतो आणि इंदूरचा व्यापारी क्षणार्धात बंगळुरूस रक्कम पाठवितो, हे या यंत्रणेचेच यश होय. या यशास बाधा न आणता एवढेच म्हणावयाचे, की संगणकाचा आकडा हेही एक विधान आहे आणि प्रत्येक विधानाप्रमाणे त्याचीही उलटतपासणी व्हावी. रोखपालाकडून आपण प्रत्येक रुपयाचा हिशेब मागतो, आणि तो मागितलाच पाहिजे. तोच हिशेब प्रणालीकडूनही मागण्याचा अधिकार शाखेत बसलेल्या सर्वांत कनिष्ठ कर्मचाऱ्यास आणि काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या सर्वांत लहान खातेदारास मिळेल, तेव्हाच सायंकाळचा मेळ खऱ्या अर्थाने बसला असे म्हणता येईल.